चौथ्या दिवसाचे ठिपके

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो, पण शाळेतली नव्हे. परीक्षेला जाताना तुम्ही चिमटा असलेले पॅड नेता ना, मी त्याच जातीची. फक्त माझे अंग पत्र्याचे आहे आणि माझ्या डोक्याला दोन भोके पाडून त्यांत एक तार ओवलेली आहे. त्या तारेच्या आधाराने मी सव्वीस वर्षे एका इस्पितळात, ऑपरेशन झालेल्या माणसांच्या वॉर्डात, अकरा नंबरच्या खाटेच्या पायथ्याशी लटकत होते. माझ्यावर कुणी निबंध लिहिले नाहीत की गणिते सोडवली नाहीत. माझ्या चिमट्यातल्या कागदावर एवढेच लिहिले जाई, की या खाटेवरचे माणूस आज कसे आहे.

तरी पुढे त्या कागदाची मला भीती वाटू लागली. तुम्ही म्हणाल, यात भिण्यासारखे काय? पहिली काही वर्षे मलाही तसेच वाटत होते.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. तिथे बादल्या, डबे आणि पेट्या बनत. ज्या कारागिराने मला घडवले, त्याने माझ्या चारही कडा आत दुमडून ठोकल्या. मग तो प्रत्येक कडेवरून आपला अंगठा फिरवत बसला. शेजारचा माणूस म्हणाला, "अरे, साधी पाटी आहे ती. किती लाड करशील?" तो म्हणाला, "दवाखान्यात जायचीय ही. तिथली माणसं आधीच कापलेली असतात. हिनं आणखी कशाला कापायचं?" त्याच्या त्या अंगठ्याचे उपकार मी आजही विसरलेले नाही. माझ्यामुळे कधी कुणाच्या बोटाला चरा गेला नाही.

वॉर्डात माझे काम सोपे होते. दिवसातून सहा वेळा सिस्टर येत, खाटेवरच्या माणसाचे मनगट धरून नाडी मोजत, ताप बघत आणि माझ्यावरच्या कागदावर दोन ठिपके देत. तापाचा ठिपका निळा, नाडीचा काळा. एक कागद एका दिवसाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा कोरा कागद वर चढे आणि कालचा खाली जाई. तपासणीला आलेले एक मोठे साहेब एकदा मला हातात घेऊन म्हणाले होते, "वा! काय नीटनेटके कागद आहेत!" मी अगदी फुलून गेले होते. साहेबांनी कागद पाहिला, वाचला मात्र नाही, हे माझ्या लक्षात यायला पुढे एका माणसाचा जीव जावा लागला.

ते एक सुतारकाका होते. माझे तिथले सहावे वर्ष असेल. त्यांच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ होती. अशा वेळी डॉक्टर गाठ असलेला भाग कापून काढतात आणि उरलेली दोन टोके एकमेकांना शिवून जोडतात. ती शिवण धरली की माणूस आठवड्याभरात घरी जातो. पण कधीकधी, सगळे नीट करूनही, ती शिवण उसवते. मग आतड्यातली घाण पोटात झिरपू लागते. बाहेरून सुरुवातीला काहीच दिसत नाही, फक्त नाडी हळूहळू वाढते आणि कधी पोटातली कळ खांद्यात उमटते.

सुतारकाका मोठे बोलके. वॉर्डाच्या खिडक्या ज्या कुणी बसवल्या, त्याला ते रोज शिव्या घालत. डॉक्टर फेरीला आले आणि "कसं वाटतंय?" असे म्हणाले, की त्यांचे उत्तर ठरलेले. "एकदम झकास! घरी कधी सोडताय?" सगळे हसत आणि पुढच्या खाटेकडे जात. मी मात्र माझ्या अंगावरचे ठिपके मोजत होते. दुसऱ्या दिवशी नाडी शहात्तर. तिसऱ्या दिवशी चौऱ्याऐंशी. चौथ्या दिवशी ब्याण्णव. पाचव्या दिवशी एकशे चार. चार दिवसांचे चार वेगळे कागद होते. प्रत्येक कागदावरचा ठिपका एकेकटा पाहिला तर फारसा वाईट नव्हता. पण सगळ्यांत वरचाच कागद सगळे बघत. खालचा उलटून बघणारे कुणी नव्हते. मला तोंड नव्हते, मित्रांनो. एखाद्याच्या पायाखालची जमीन सरकताना दिसावी आणि ओरडता येऊ नये, तशी माझी गत झाली.

सहाव्या दिवशी भर दुपारी सुतारकाका बोलता बोलता थांबले. चेहरा राखेसारखा झाला. धावाधाव झाली, त्यांना ऑपरेशनला नेले. ते अकरा नंबरवर परत आलेच नाहीत.

दोन दिवसांनी त्यांची बायको त्यांचा चष्मा आणि चपला न्यायला आली. ती कुणावर ओरडली नाही. फक्त म्हणाली, "पण ते तर हसत होते ना?" चष्मा पिशवीत ठेवून ती चालू लागली.

ती गेल्यावर एक तरुण सिस्टर माझ्याजवळ आली. जाड भिंगांचा चष्मा असल्यामुळे सगळे तिला चष्मेवाली सिस्टरच म्हणत. तिने माझा चिमटा उघडला, सगळे कागद काढले आणि रिकाम्या खाटेवर एकापुढे एक मांडले. पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्यापर्यंत तिने बोट फिरवले. मग हळूच म्हणाली, "सगळं लिहिलेलं होतं. आपणच लिहिलं होतं."

त्या दिवसापासून भीती माझ्या पत्र्यात मुरली. नवा कोरा कागद वर चढला की माझ्या मनात धस्स होई. याच्याखाली काय झाकले जाते आहे?

चष्मेवाल्या सिस्टरनी आपल्यापुरती एक सवय लावून घेतली. ड्युटीवर आल्या की त्या कालचा, परवाचा कागद उलटून पाहत. काळे ठिपके शिसपेन्सिलीने एकमेकांना जोडत. बाकीच्या हसत. "आल्या बघा चित्रकलेच्या बाई!" म्हणत. त्या पेन्सिलीला टोक करून खिशात ठेवून देत.

अशी बरीच वर्षे गेली. सिस्टरच्या केसांत पांढरे दिसू लागले, माझा रंग उडाला, चिमटा सैल झाला. आणि मग एक दिवस अकरा नंबरवर खेळाच्या बाई आल्या.

त्या एका शाळेत मुलांना खेळ शिकवत. वय त्रेपन्न, केस आखूड कापलेले, पाठ ताठ. आपली बॅग स्वतःच्याच खांद्यावर घेऊन त्या वॉर्डात शिरल्या आणि मागून येणाऱ्या लेकीला म्हणाल्या, "रडका चेहरा करून आत यायचं नाही." लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचे काम करत असे. तिनेच सिस्टरना हळू आवाजात सांगितले, "शाळेत मुलांनी आईचं नाव 'अजून एक फेरी' ठेवलंय. कुणी दमलं, कुणाला लागलं, तरी ही म्हणणार, चला, अजून एक फेरी."

दाखल झाल्या दिवशी एका शिकाऊ सिस्टरने बाईंची नाडी मोजली आणि ती गोंधळली. पुन्हा मोजली. बावन्न! बाई हसल्या. "तीस वर्षं धावतेय मी. नाडी अशीच आहे माझी. लिही बिनधास्त." चष्मेवाल्या सिस्टरनी ते ऐकले आणि माझ्यावरच्या पहिल्या कागदाच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले: नेहमीची बावन्न.

बाईंचा आजार सुतारकाकांचाच होता. ऑपरेशनही तेच. ते चांगले झाले. मोठे सर्जन स्वतः वॉर्डात येऊन लेकीला म्हणाले, "गाठ पूर्ण निघाली. कडाही स्वच्छ आहेत. आता पुढचे सहा-सात दिवस जपायचे." लेक तिथेच स्टुलावर बसून रडली. आनंदाने रडत होती. पण बाईंना शुद्ध आल्यावर तिने ते कबूल केले नाही.

पहिल्या दिवशी नाडी साठ. दुसऱ्या दिवशी सहासष्ट. त्या दिवशी बाईंनी पोटातून काढलेल्या नळीची बाटली हातात धरून वॉर्डाच्या दोन फेऱ्या मारल्या आणि शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंनाही उठवून चालायला लावले. तिसऱ्या दिवशी अठ्ठ्याहत्तर. त्या दिवशी त्या एकच फेरी चालल्या. लेकीने विचारले तर म्हणाल्या, "काल जास्त झालं असेल." चौथ्या दिवशी सकाळी नवा कागद माझ्यावर चढला आणि त्यावर पहिला काळा ठिपका पडला. नव्वद.

माझ्या तारेला कंप सुटला. खाट कुणीतरी हलवली असेल असे तुम्हाला वाटेल, पण खाट हलली नव्हती.

फेरीला तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्या हुशार होत्या, कामसू होत्या, पण त्यांच्या हाताखाली त्या सकाळी अठ्ठावीस माणसे होती. त्यांनी वरचा कागद पाहिला. "नाडी नव्वद, ताप जवळजवळ नाहीच, बीपी उत्तम. छान! काही त्रास?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "खांदा जरा आखडलाय. उशी बरी नाही तुमची."

"उशी बदलायला सांगते," असे म्हणून डॉक्टरीणबाई पुढे गेल्या. शिकाऊ सिस्टरने लगेच दुसरी उशी आणून दिली. मी पायथ्याशी लटकत विचार करत राहिले, की सुतारकाकांना निदान खिडक्यांवर राग काढता येत होता. या बाई तर उशीवरच सगळे ढकलून मोकळ्या झाल्या.

दोन वाजता चष्मेवाल्या सिस्टरची पाळी सुरू झाली. त्यांनी बाईंचे मनगट धरले. घड्याळाकडे बघता बघता त्यांचे ओठ हलायचे थांबले. अठ्ठ्याण्णव. त्यांनी वरचा कागद उलटला. त्याखालचा उलटला. त्याखालचा. पेन्सिल काढून ठिपके जोडले. ती रेघ जिन्यासारखी वर चढत गेली होती.

तेवढ्यात लेक दुकानातून डबा घेऊन आली. बाईंनी डबा उघडलाच नाही. "भूक नाही. तू खा."

"आई, दुखतंय का?"

"ठीक आहे मी."

लेक आईच्या तोंडाजवळ वाकली. "आई, माझ्या दुकानात रोज माणसं येतात. समोरची अक्षरं दिसत नसली तरी म्हणतात, दिसतंय, दिसतंय. त्यांना वाटतं परीक्षा आहे. ते डोळे किलकिले करतात ना, तसाच चेहरा केलायस तू आत्ता. खरं सांग."

बाईंनी डबा बाजूला सारला. मग छताकडे बघत म्हणाल्या, "सकाळपासून पोटात काहीतरी... टाका तुटावा तसं झालं. मग खांद्यात कळ. म्हटलं, ऑपरेशन झाल्यावर दुखायचंच की. त्याचं काय रडायचं?"

सिस्टर तिथे थांबल्याच नाहीत. त्यांनी मला खाटेवरून उचकटून काढले आणि मला छातीशी धरून त्या थेट डॉक्टरीणबाईंच्या टेबलाशी गेल्या.

"अकरा नंबर बघा, डॉक्टर. नाडी अठ्ठ्याण्णव."

"शंभराच्या आत आहे, सिस्टर."

"तुमची-माझी असती तर आत असती. यांची नेहमीची बावन्न आहे. जवळजवळ दुप्पट झालीय चार दिवसांत. खांदा दुखतोय, जेवण नको म्हणतायत, आणि आता सांगतायत, पोटात टाका तुटल्यासारखं झालं."

डॉक्टरीणबाईंनी माझे कागद एकेक करून उलटले. कोपऱ्यातले 'नेहमीची बावन्न' वाचले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये आहेत," त्या म्हणाल्या. "मध्येच निरोप पाठवला तर रागावतील. आणि काही निघालं नाही तर?"

"काही निघालं नाही तर मी सगळ्यांना चहा पाजीन," सिस्टर म्हणाल्या. "आणि रागावलेला माणूस संध्याकाळपर्यंत शांत होतो. हे पोट तोवर थांबायचं नाही."

डॉक्टरीणबाई उठल्या. त्या चालत नव्हत्या, पळत होत्या.

पुढच्या दीड तासात काय काय झाले, ते मला तुकड्या-तुकड्यांनी आठवते. बाईंना स्कॅनला नेले. स्कॅनमध्ये दिसले, की शिवण एका जागी उसवली आहे. मोठे सर्जन टोपी न काढताच वॉर्डात आले. ते रागावले नव्हते. त्यांनी लेकीला बाजूला घेतले आणि सरळ सांगितले, की पोट पुन्हा उघडावे लागेल, आत धुवावे लागेल आणि जोडाला विश्रांती मिळावी म्हणून आतड्याचे तोंड काही महिने पोटावर काढून तिथे शौचासाठी पिशवी लावावी लागेल.

"वाचेल ना ती?" लेकीने विचारले.

"आत्ता नेलं तर शक्यता चांगली आहे. उद्या नेलं असतं तर मी हे म्हणालो नसतो."

बाईंना ढकलगाडीवर घेतले. मला त्यांच्या पायांपाशी ठेवले. गाडी लांब बोळातून निघाली. छतावरचे दिवे एकेक करून मागे पडत होते. त्यांनी लेकीचा हात घट्ट पकडला. "ए," त्या म्हणाल्या, "मला भीती वाटतेय गं." लेक म्हणाली, "मलाही." मग ऑपरेशनच्या खोलीचे दार आले आणि लेकीला बाहेर थांबावे लागले.

मीही बाहेरच्या बाकावर राहिले. लेकीने मला मांडीवर घेतले होते. तिला काहीतरी धरायला हवे होते, म्हणून. सिस्टरच्या पेन्सिलीच्या रेघेवरून तिचे बोट खाली-वर, खाली-वर फिरत होते.

बाई त्या दिवशी वाचल्या. पण मित्रांनो, गोष्ट इथे संपत नाही. संपली असती तर किती बरे झाले असते!

सहा दिवस त्या अतिदक्षता विभागात होत्या. सहा दिवस माझा चिमटा रिकामा होता. सातव्या दिवशी त्यांना परत आणले, तेव्हा मी त्यांना ओळखले नाही. ताठ पाठ वाकली होती. नऊ किलो वजन उतरले होते. पोटावर पिशवी होती आणि जखम मधोमध उघडी राहिली होती. तिच्यातला पू काढून ती रोज धुवावी लागे. त्या वेळी बाई दात आवळून घेत. एकदा सिस्टर म्हणाल्या, "ओरडा की. इथं कुणी गुण कापत नाही." तेव्हा बाई पहिल्यांदा मोठ्याने ओरडल्या आणि मग हसल्या, आणि हसल्यामुळे पोट दुखले म्हणून पुन्हा ओरडल्या.

खरी भीती मात्र पुढेच होती. कॅन्सरची गाठ काढल्यावर डोळ्यांना न दिसणारे उरलेसुरले मारण्यासाठी औषधाचा कोर्स द्यायचा होता. तो साधारण सहा आठवड्यांनी सुरू व्हायचा. पण जखम भरली नव्हती, अंगात ताकद नव्हती. औषधाच्या डॉक्टर येत, जखम बघत आणि म्हणत, "अजून नाही." सातवा आठवडा गेला. आठवा गेला. लेक भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाठ करून बसू लागली.

एका सकाळी बाईंनी सर्जनना थेट विचारले, "डॉक्टर, ही शिवण उसवली म्हणून माझा कॅन्सर परत येणार का?"

सर्जन खुर्ची ओढून बसले. एरवी ते कुणाच्या खाटेशी बसत नसत. "खरं सांगू?"

"खेळाची बाई आहे मी. निकाल ऐकायची सवय आहे."

"मग ऐका. ज्यांना ऑपरेशननंतर असं काही मोठं होतं, त्यांचं पुढं जाऊन, सगळ्यांचा मिळून हिशेब पाहिला, तर इतरांपेक्षा थोडं वाईट होतं. औषध उशिरा सुरू होतं, हे एक कारण. शरीराची ताकद भरून येण्यातच खर्च होते, हे दुसरं. आणि काही कारणं आम्हालाही अजून नीट कळलेली नाहीत. पण हे झालं सगळ्यांचं मिळून. त्यात तुम्ही कुठं बसणार, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

"माझी काही चूक झाली का?"

"नाही. आणि शिवताना माझीही झाली नसावी, असं मला वाटतं. पण मी ते ऑपरेशन मनात रोज पुन्हा करून बघतो." त्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. "उसवायचं की नाही, हे नेहमी कुणाच्या हातात नसतं. कधी कळतं, हे मात्र थोडंफार असतं. ते आपल्याला वेळेत कळलं."

ते गेल्यावर बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "चल, उठव मला. खिडकीपर्यंत जाऊ." त्या खिडकीपर्यंत गेल्या. तिथे दम लागला. लेक म्हणाली, "अजून एक फेरी?" बाई म्हणाल्या, "नको. पाय लटपटतायत. बसव मला." लेकीने त्यांना बसवले.

पुढे बाई घरी गेल्या आणि औषध अकराव्या आठवड्यात सुरू झाले. औषध द्यायची खोली आमच्याच वॉर्डाच्या टोकाला होती. जाता-येता बाई दिसत. कधी त्यांचा चेहरा हिरवट असे, कधी बोटांना मुंग्या येऊन हातातले भांडे निसटे. ठरलेल्यांपैकी दोन डोस कमी करावे लागले. मग आणखी काही महिन्यांनी पोटावरची पिशवी काढून आतडे पुन्हा आत घालायचे ऑपरेशन ठरले, आणि त्या परत अकरा नंबरवर आल्या.

पुन्हा पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस. चौथ्या दिवशी सकाळी नवा कागद चढला तेव्हा आमच्या वॉर्डात पाल चुकचुकली असती तरी ऐकू आले असते. तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आधी सगळे खालचे कागद उलटून पाहिले, मग खाटेच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा."

बाई सांगू लागल्या. "नाडी एकोणसत्तर आहे, मी स्वतः मोजलीय. खांदा दुखत नाही. पोट दुखतंय, पण कालच्यापेक्षा कमी, आणि डाव्या बाजूला जास्त. रात्री दोनदा उचकी लागली. अर्धी वाटी पेज गेली. आणि मला फार भीती वाटतेय. तीही लिहा."

डॉक्टरीणबाईंनी खरोखर लिहिली. ताप आणि नाडीच्या कागदावर भीतीला रकाना नव्हता, म्हणून त्यांनी ती समासात लिहिली. त्या वेळी काही उसवले नाही. आठव्या दिवशी बाई घरी गेल्या.

मग दर सहा महिन्यांनी त्या स्कॅनला येत. निकाल लागेपर्यंत आमच्या वॉर्डात चष्मेवाल्या सिस्टरपाशी बसत. लेक हातांच्या बोटांची नखे कुरतडी. तिसऱ्या वर्षी एकदा बाई म्हणाल्या, "परवा शाळेत एक मुलगी म्हणाली, बाई, चक्कर येतेय. पूर्वी मी म्हटलं असतं, चल, अजून एक फेरी. आता बसवलं. पाणी दिलं. सगळं नीट विचारलं."

"मग?" सिस्टरनी विचारले.

"मग काय! सकाळपासून काही खाल्लं नव्हतं कार्टीनं."

दोघी इतक्या हसल्या, की शेजारच्या खाटेवरचे काका उठून बसले. तेवढ्यात निकाल आला. सर्जन म्हणाले, "आजचा स्कॅन स्वच्छ आहे." बाईंनी मान हलवली. "आजचा," त्या म्हणाल्या. त्यांनी लेकीचा हात धरला आणि पुढची तारीख लिहून घेतली. ती भीती आता त्यांच्याबरोबर घरी राहत होती. हाकलून जाणाऱ्यांतली ती नव्हती.

पुढे वॉर्डात पडदे लागलेली यंत्रे आली. आकडे आता त्यांच्यावर उमटतात. आकडा ठरलेल्या रेषेबाहेर गेला की लाल होतो आणि टुंग टुंग वाजतो. फार चांगले यंत्र आहे, मी त्याच्यावर जळत नाही. मला खाटेवरून काढून टेबलाखालच्या कप्प्यात ठेवले. आता माझ्या चिमट्यात कोरे फॉर्म असतात. कधी माझ्यावर चहाचा कप ठेवतात. गंजाचा एक डाग कोपऱ्यातून वर चढत आला आहे.

पण एक धाकधूक मला तिथेही स्वस्थ बसू देत नाही. अठ्ठ्याण्णव हा आकडा त्या पडद्यावर लाल होत नाही.

गेल्या महिन्यात चष्मेवाल्या सिस्टर निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी त्यांना फुले दिली. फुले टेबलावर ठेवून त्या एका नव्या सिस्टरला घेऊन कालच ऑपरेशन झालेल्या एका माणसापाशी गेल्या. नवी सिस्टर पडद्याकडे बघून म्हणाली, "सगळं हिरवं आहे." सिस्टरनी तिचा हात धरून त्या माणसाच्या मनगटावर ठेवला. "ते आहेच," त्या म्हणाल्या. "आता यांना विचार."

"कसं वाटतंय काका?" नव्या सिस्टरने विचारले.

"झकास," तो माणूस म्हणाला.

नवी सिस्टर वळणार, तोच चष्मेवाल्या सिस्टरनी तिच्या पाठीवर हात ठेवून तिला तिथेच थांबवले. तो माणूस या दोघींकडे बघत राहिला. आणि मग तो बोलू लागला.

मित्रांनो, तुमच्या घरात कधी कुणी मोठे आजारपण काढून परत आले, आजोबा, मावशी, आई, कुणीही, तर मी सांगते तेवढे करा. काल कसे होते आणि आज कसे आहे, ते विचारा. ते म्हणतील, ठीक आहे. हसतील. उशीला नावे ठेवतील. तुम्ही जाऊ नका. जवळ बसा, पुन्हा एकदा विचारा, आणि खरे उत्तर येईपर्यंत तिथेच बसून राहा.